अगं ही ती नाही का? : क्राईम आणि हॉररमध्ये छोट्या रोलांवर टिकायचं कसं

मागच्या महिन्यात डोंबिवली स्टेशनला एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती, मग तिने शेजारणीला कोपर मारलं आणि म्हणाली, अगं ही ती नाही का, सुनेला विष घालणारी. मी हसले. त्यावर ती अजूनच मागे सरकली. तर हे असं आमचं करिअर. नाव कोणाला माहीत नसतं, चेहरा सगळ्यांनी कुठेतरी बघितलेला असतो आणि चेहऱ्याला एखादा गुन्हा चिकटलेला असतो. मी अकरा वर्षं हे करतेय, चाळिशीनंतर सुरू केलं, आत्तापर्यंत नऊ वेळा मेले, त्यातली दोनदा बुडून. बरेच जण मेसेज करतात की काकू आम्हालाही यात यायचंय, कुठून सुरुवात करू, तर एकदाच लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला तेच तेच सांगायला नको. हिरो-हिरॉईन व्हायचं असेल तर वाचू नका, त्यातलं मला काही कळत नाही.

पहिलं काम म्हणजे आपला खाना ओळखा

कास्टिंगवाली पोरं तुम्हाला बघितल्या बघितल्या एका खान्यात टाकून मोकळी होतात. मला तीन खाने आहेत. मयताची आई, काहीतरी माहीत असून न सांगणारी मोलकरीण आणि हॉररमध्ये "त्या वाड्यात जाऊ नका पोरांनो" म्हणणारी म्हातारी. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा, मी एवढी नाटकं केली, कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत बक्षीस घेतलं आणि हे मला भांडी घासायला लावतात. मग हळूहळू कळलं की खाना म्हणजे रेशनकार्ड आहे, ते असलं की निदान धान्य तरी मिळतं.

आपला खाना कुठला हे घरच्यांना विचारू नका, ते प्रेमाने खोटं बोलतात. ज्यांना तुमची फारशी माहिती नाही अशा पाच-सहा जणांना विचारा, मला पहिल्यांदा बघितलंत तेव्हा मी काय काम करत असेन असं वाटलं? माझ्या ओळखीचा एक मुलगा हिरोच्या फोटोंवर पन्नास हजार घालवून बसला होता, त्याला पाचपैकी चौघांनी सांगितलं "पोलीस, पण साध्या कपड्यातला". आता वर्षाला दहा-बारा वेळा तो साध्या कपड्यातला पोलीस असतो आणि खूश आहे.

खान्याचा धोकाही आहे. अनिरुद्ध अग्रवाल आठवतात का, रामसे बंधूंच्या 1984 च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी? रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, पण उंची आणि चेहरा असा की एकदा राक्षस केला म्हटल्यावर लोकांना दुसरं काही दिसेना. तरी 1994 च्या 'बँडिट क्वीन'मध्ये त्यांचा डाकू बाबू गुज्जर बघा, तिथे भुताचा मेकअप नाही काही नाही, नुसता माणूस, आणि मला तो सामरीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. तेव्हा खाना घ्या पण वर्षातून एखादं काम त्याच्या बाहेरचं करा, फुकट करावं लागलं तरी करा, शॉर्टफिल्म करा, राज्य नाट्य स्पर्धेत उभे राहा.

शिकायचंच असेल तर अश्विनी काळसेकरांची कामं ओळीने लावून बघा, मी खरंच वही घेऊन बसले होते. 'सीआयडी'च्या सुरुवातीच्या काळात इन्स्पेक्टर, 'जॉनी गद्दार' 2007, 'फूंक' 2008 त्यात जादूटोणा करणारी, 'बदलापूर' 2015 मध्ये डिटेक्टिव्ह, 'अंधाधुन' 2018 मध्ये इन्स्पेक्टरची बायको, 'मेरी ख्रिसमस' 2024. यातले चार श्रीराम राघवनचे आहेत. म्हणजे एकाच दिग्दर्शकाने सतरा वर्षांत चार वेळा बोलावलं, आणि रोल किती मिनिटांचा होता ते कोणी मोजत बसत नाही, बाई लक्षात राहते. आमच्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही. त्याच 'अंधाधुन'मध्ये छाया कदम बघा, लॉटरीची तिकिटं विकणारी सखू, गोड बोलते आणि पोटात गोळा आणते. ती वाईट बाई आहे हे ती आपल्याला आधी सांगत नाही, त्यातच सगळं आलं.

नोकरी सोडू नका

हे मी ओरडून सांगते. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशिअर होते, रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेत होते, एवढी मोठी माणसं नोकरी सांभाळून नाटकं करत होती तर तुम्हाला काय घाई आहे. माझं घरी ब्लाउज शिवायचं काम आहे, ते मी अजून बंद केलेलं नाही. महिन्यात कधी सहा दिवस शूटिंग असतं आणि कधी दोन-दोन महिने फोन वाजत नाही. ज्याला भाड्याची चिंता असते त्याचं ऑडिशन बघूनच कळतं, डोळ्यात भाडं दिसतं.

ऑडिशन

मुंबईत असाल तर वर्सोव्याचं आरामनगर माहीत करून घ्या, जुने बंगले आहेत, त्यातल्या खोल्याखोल्यांत ऑडिशन चालतात. बाहेर झाडाखाली एकसारखी दिसणारी माणसं बसलेली असतात, म्हणजे मयताच्या आईचं ऑडिशन असेल तर आम्ही बारा आया एका ओळीत, सगळ्या कॉटनच्या साडीत. पहिल्यांदा फार हसू आलं मला. आता त्यातल्या सात-आठ जणी मैत्रिणी आहेत आणि कुठे काम आहे हे को-ऑर्डिनेटरच्या आधी त्यांच्याकडूनच कळतं, तेव्हा रांगेत नाक वर करून बसू नका.

इंट्रो सगळीकडे तोच असतो. नाव, वय, उंची, राहता कुठे, भाषा कुठल्या येतात, मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा पुढून मागून. नाव सांगतानाच अभिनय सुरू करू नका, साधं सांगा. नंतर "नॉट फिट" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ तुम्ही वाईट केलंत असा नसतो, बऱ्याचदा हिरोईनच्या नाकाशी तुमचं नाक जुळत नाही एवढंच असतं.

घरून टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, पाठवायची असेल तर फोन आडवा, साधी भिंत, खिडकी तुमच्या समोर ठेवा पाठीमागे नको. आणि समोरचे संवाद वाचायला असा माणूस घ्या जो अभिनय करणार नाही. माझा मुलगा वाचतो. "तूच खून केलास ना" हे तो आज भाजी काय आहे अशा सुरात विचारतो, आणि त्यामुळे मला फार बरं पडतं, कारण सेटवरही समोरचा मोठा आर्टिस्ट कधीकधी नसतोच, चौथा असिस्टंट कागद बघून क्यू देतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघून रडायचं असतं.

फोटो बिनमेकअपचे ठेवा. केस पांढरे असतील तर राहू द्या, माझे रंगवायचे बंद केले आणि कामं वाढली. फक्त एकदा काम सुरू झालं की मधे कंटिन्यूइटी संपेपर्यंत, म्हणजे सगळ्या सीनमध्ये सारखंच दिसायचं असतं तोवर, केसांना, भुवयांना हात लावायचा नाही, भाच्याचं लग्न असलं तरी नाही. भाषेचं म्हणाल तर मराठी वळणाचं हिंदी लाजून पुसून टाकू नका, मुंबईतल्या गुन्ह्याची गोष्ट असेल तर त्यांना तेच हवं असतं, पण स्वच्छ हिंदीही तयार ठेवा. आणि बाहेरच्या भाषेला घाबरू नका. सयाजी शिंदे साताऱ्याचे, 1999 च्या 'शूल'मधले, आणि त्यानंतर तेलुगू-तमिळमध्ये केवढं काम केलं त्यांनी.

आणि ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, कार्ड काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून यायचं. कार्ड म्हणजे सिंटाचं, सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांच्या संघटनेचं, ते आपण स्वतः ऑफिसात जाऊन चौकशी करून काढायचं, मधे माणूस लागत नाही.

संशयित कसं व्हायचं

क्राईम एपिसोडमध्ये चार संशयित असतात आणि त्यातला तिसरा बहुतेक मी असते. नवीन लोक काय करतात, खुनी असले तर पहिल्या सीनपासून डोळे बारीक करून बघतात, आणि खुनी नसले तर एकदम गरीब गाय. दोन्ही चुकीचं. पोलीस दारात आले तर खरा माणूस आधी वैतागतो हो, गॅसवर दूध असतं. मी नेहमी हाताला काम मागते. एकदा मटार सोलत होते, इन्स्पेक्टर विचारतो की रात्री अकरा ते एक तुम्ही कुठे होतात, आणि मी "झोपले होते साहेब" म्हणताना सोललेला दाणा सालीच्या ढिगात टाकला आणि साल भांड्यात. एवढंच केलं. दिग्दर्शकाने क्लोजअप माझ्या तोंडाचा ठरवला होता, तो हाताचा घेतला. खरं सांगायचं तर पहिल्या टेकला ती चूकच झाली होती माझी, दुसऱ्यापासून मुद्दाम केली.

अजून एक गोष्ट शाळेत कोणी शिकवत नाही. एपिसोड कधीच ओळीने शूट होत नाही, लोकेशनप्रमाणे होतो. सकाळी नऊला तुम्ही खून कबूल करता, दुपारी जेवून झाल्यावर मयताला पहिल्यांदा भेटता, आणि संध्याकाळी फ्लॅशबॅकचा खून. म्हणून मी वहीत प्रत्येक सीनपुढे दोन वाक्यं लिहिते, या वेळी हिला काय माहीत आहे आणि ही काय लपवतेय. शिवाय खोट्या फ्लॅशबॅकमध्ये आणि खऱ्या फ्लॅशबॅकमध्ये चाल, पदर, कुठल्या हाताने दार उघडलं हे सगळं जुळायला हवं, नाहीतर एडिटर तुमचा सीन कापतो, आणि कापला की तुम्ही त्या एपिसोडमध्ये होतात हे तुमच्या आईलाही कळत नाही.

आवाज चढवायच्या आधी 1983 चा 'अर्धसत्य' बघा. आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी झालेत, सीन मोजकेच, आवाज खाली. जो माणूस खोलीत ओरडत नाही त्याला बाकीचे का घाबरतात हे त्यात आहे. 1991 च्या 'सडक'मधली त्यांची महाराणी एकदम उलटं टोक, ती ओरडते, नाचते, तिथे ते चालतं कारण आतला हिशोब पक्का आहे. मी ती नक्कल करायला गेले होते एकदा, जाऊ दे.

मेलेलं राहणं

याला लोक हसतात पण सुरुवातीची निम्मी कामं हीच. बॉडी व्हायला शिका. डोळे मिटलेले असतील तर पापण्या फडफडतात, त्यावर उपाय म्हणजे मिटलेल्या पापण्यांच्या आत नजर खाली पायांकडे ठेवायची. डोळे उघडे असतील तर लांबचा एक ठिपका धरायचा आणि मग तो धूसर होऊ द्यायचा, टेकच्या आधी भरपूर उघडझाप करून घ्यायची. श्वास पूर्ण रोखायला जाऊ नका, मधेच मोठा घ्यावा लागतो आणि तोच दिसतो. कॅमेरा कुठून आहे ते विचारा, छाती दिसत असेल तर पोटाने हळू श्वास घ्या, पोट दिसत असेल तर उलटं. कॅमेरा एकदम जवळ असेल तर गळ्याची नस उडते, म्हणून मी मान पलीकडे वळवून पडते आणि आधीच मेकअप दादाला सांगते की जखम या बाजूला कर.

मढला एका बंगल्याच्या मागच्या बागेत मी मेलेली होते. खोटं रक्त म्हणजे लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि काळपट दिसायला जराशी कोको पावडर. म्हणजे थोडक्यात पाक. आर्टवाल्याने ते मला डोक्यापासून कमरेपर्यंत ओतलं, लाईट लागेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात मुंग्या आल्या. पहिली कानात गेली तेव्हा टेक सुरू होता. समोर इन्स्पेक्टर माझ्यावर वाकून म्हणतोय, "बॉडी दस घंटे पुरानी है", आणि बॉडीच्या कानात मुंगी चालतेय. मी हलले नाही. कट ऐकल्यावर जी किंकाळी मारली त्याने तो इन्स्पेक्टर मागच्या कुंडीवर पडला. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस असतो, गवतावर मरायचं असेल तर दोन्ही कानात आधी बोळे, आणि खाली प्लास्टिक घालायला सांगते, लाजत नाही.

भूत व्हायचं तर कुठलं

स्क्रिप्टमध्ये नुसतं लिहिलेलं असतं, भूत येतं. मी विचारते कुठलं? हडळ, जखीण, मुंजा, समंध, देवचार, आपल्याकडे एवढी व्हरायटी आहे आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात, म्हणजे तिला बाळ हवंय, ती पाळण्याकडे बघणार, हिरोईनकडे नाही. मुंजा म्हणजे सोडमुंजीच्या आधी गेलेला पोरगा, त्याचं सगळं पोराचं आणि पिंपळाजवळचं. कोकणातला देवचार तर कित्येकांच्या घरी राखणदार आहे, त्याला नुसतं दात विचकायला लावलं तर मालवणी माणूस टीव्ही बंद करेल. दिग्दर्शक पंचवीस वर्षांचा असेल तर त्याला हे ऐकायला आवडतं, आणि पुढच्या वेळी तो तुम्हालाच फोन करतो.

भूत होताना सगळं अंग हलवू नका. एक काहीतरी स्थिर ठेवा, मी डोकं स्थिर ठेवते आणि पाय ओढते. चाल मी आमच्या भजनी मंडळातल्या एका आजींची उचलली आहे, गुडघे गेलेत बिचारीचे, त्या खुर्चीतून उठतात तेव्हा आधी हात पुढे येतात आणि मग अंग. अंधारात निळ्या लाईटमध्ये ते भयंकर दिसतं. त्यांना सांगितलेलं नाही. आणि वयाचं, शरीराचं बंधन किती कमी असतं ते बघायचं असेल तर 2018 चा 'तुंबाड' बघा, त्यातली म्हातारी आजी आणि पांडुरंग ही दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच लहान मुलाने केली आहेत.

पांढऱ्या लेन्स घातल्या की नीट दिसत नाही, कधी काहीच दिसत नाही. लेन्स घालणारा जाणकार माणूस सेटवर आहे का ते आधी विचारायचं, कोणाच्या घासलेल्या जुन्या लेन्स घ्यायच्या नाहीत, आणि हात धरून मार्कपर्यंत, म्हणजे उभं राहायच्या खुणेपर्यंत, नेणारा एक माणूस मागून घ्यायचा. चेहऱ्यावर लेटेक्स, गम असेल तर आदल्या दिवशी हातावर लावून बघा, मला एकदा हनुवटीला फोड आले होते ते तीन आठवडे गेले नाहीत. जेवण मेकअपच्या आधी करा. नंतर दिवसभर स्ट्रॉने ताक.

घाबरायचा सीन असेल तर समोर भूत नसतं, स्टँडला लावलेली एक चिकटपट्टी असते. किंचाळायची घाई करू नका, आधी श्वास अडकतो, हातातलं काम थांबतं, मग मान वळते. किंचाळी शेवटी, आणि ती सुद्धा रिहर्सलला द्यायची नाही, घसा बारा तास पुरवायचाय.

मारहाणीचे, जबरदस्तीचे सीन क्राईममध्ये येतातच, बायकांना तर फार. होकार देण्याच्या आधी सीन लेखी मागवा. सेटवर गेल्यावर "मॅम थोडंसंच आहे" असं कोणी म्हणालं की समजून जा. फाईट मास्टरसमोर रिहर्सल, कोणाचा हात कुठे लागणार ते ठरलेलं, नको ते लोक बाहेर, कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली. मी दोनदा नाही म्हणाले आहे. त्यातल्या एकांनी परत बोलावलं नाही आणि दुसऱ्यांनी सीन बदलला.

पैसे

फोनवर ठरलेलं सगळं मेसेजवर परत लिहून पाठवा, "जसं बोलणं झालं तसं, दिवसाचे इतके, शिफ्ट बारा तास, कन्व्हेयन्स वेगळा, रात्री उशीर झाला तर ड्रॉप", आणि समोरून ओके येईपर्यंत तारीख दुसऱ्याला नाही म्हणू नका. पैसे नव्वद दिवसांनी येतात, टीडीएस कापून, तो कापलेला आपल्या नावावर जमा झाला का ते वर्षाअखेरीला तपासा. माझे एका प्रॉडक्शनकडे चार दिवसांचे पैसे अडकले होते, अकाउंटवाला दर मंगळवारी पुढचा मंगळवार सांगायचा. शेवटी मी डबा घेऊन त्यांच्या ऑफिसात रिसेप्शनला जाऊन बसले, दुपारी तिथेच जेवले, कोणाशी भांडले नाही, फक्त आत जाणाऱ्या येणाऱ्याकडे शांतपणे बघत राहिले. साडेचारला चेक मिळाला. इतक्या वर्षांची प्रॅक्टिस कुठेतरी उपयोगी पडायला हवी ना.

पॅकअपनंतरचं एक राहिलं. गम ओढून काढू नका, कातडी निघते. मेकअप दादाकडे रिमूव्हर असतं पण रात्री दोनला तो घाईत असतो, तेव्हा खोबरेल तेल जवळ ठेवा, दहा मिनिटं जिरू द्या आणि मग कडेने सोडवत या. रक्त नखात आणि कानामागे राहतं, ते आरशात दिसत नाही. माझं एकदा राहिलं होतं, सकाळी एका नव्या गिऱ्हाइकाचं ब्लाउजचं माप घ्यायला वाकले, तर ती माझ्या मानेकडे बघून म्हणाली, ताई, मी नंतर येते.